दिपा आडेचा होकार

आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब ही अख्ख्या हिंगोलीतली सगळ्यात स्वच्छ जागा असेल, कारण तिथं कोणी पाय ठेवत नव्हतं. मी त्या लॅबचा परिचर. नाव उत्तमराव, गाव शिरड शहापूर. कॉलेजात मात्र मला नावानं कोणी ओळखत नाही. पोरंपोरी 'मामा' म्हणतात, प्राध्यापक 'अहो' म्हणतात आणि प्राचार्य नुसती बेल वाजवतात. कॉलेजचं नाव सांगत नाही, मला अजून तिथूनच निवृत्त व्हायचंय.

लॅबची किल्ली माझ्या कमरेला असायची. सकाळी कुलूप उघडायचं, फडकं मारायचं, कॉम्प्युटरवरची प्लास्टिकची कव्हरं नीट करायची आणि पुन्हा कुलूप लावायचं. तपासणीला बाहेरची माणसं आली की कव्हरं काढायची, ती गेली की परत घालायची. कोणी न वापरलेली वस्तू रोज पुसत बसायचं म्हणजे डोकं फिरवणारं काम आहे. माझं फिरायचं, पण सांगायचं कोणाला?

दिपा आडे मला तिथंच पहिल्यांदा भेटली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची पोरगी, सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या पलीकडं बंजाऱ्यांचा जो तांडा आहे तिथली. मी पुसत होतो आणि ती दारात येऊन उभी राहिली. किरकोळ अंगाची, पाठीला बॅग, बसच्या रस्त्याच्या धुळीनं चपला पांढऱ्याफटक झालेल्या.

"मामा, ह्यांला काहून झाकून ठेवलं?"

"धूळ बसते."

"मंग आमी कवा बसायचं?"

मला हसू आलं आणि रागही आला. वर्षानुवर्षं जो प्रश्न माझ्या घशात अडकला होता, तो ह्या एवढ्याशा पोरीनं दारात उभं राहून विचारला होता. मी म्हणालो, "सोमेश्वर सरांना इचार." असं सांगितलं की पोरं मान हलवून निघून जातात, तीच आमची रीत. ही पोरगी खरंच विचारायला गेली.

सोमेश्वर सर आमच्या वाणिज्य विभागाचे. माणूस वाईट नाही, पण कायम घाईत. त्यांचं पीएच.डी. चालू होतं आणि विषय होता, उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांनी व्यवसाय व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर कितपत स्वीकारलं आहे. हे सॉफ्टवेअर म्हणजे दुकानाचा किंवा कारखान्याचा सगळा कारभार एकाच जागी. माल आला किती, गेला किती, कोणाकडून घेतला, कामगारांचा पगार काय, सगळं त्यात भरायचं. कॉलेजनं ते मोठ्या थाटात आणलं होतं. उद्घाटनाचा नारळ मीच फोडला आणि त्याचं पाणी पुसलंही मीच.

पण शिकवणं कसं चालायचं ते ऐका. सर वर्गात भिंतीवर पडदा लावायचे, आपल्या लॅपटॉपवरून क्लिक करायचे आणि पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. कनेरगाव नाक्याच्या प्रतिक्षानं तर पट्टीनं आखून अख्खा स्क्रीन वहीत काढला होता. रंगीत पेन्सिलींनी बटणं रंगवली होती आणि बाण काढून लिहिलं होतं, 'येथे दाबावे'. फळ्यावर पोहायला शिकवावं, तसला हा प्रकार. लॅबमध्ये सोडावं तर प्राचार्यांना भीती. पोरं बिघडवतील, आणि बिघडलं तर तपासणीला काय दाखवायचं?

दिपानं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "बघू." आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाही.

थोड्या दिवसांनी सरांनी वर्गात प्रश्नावली वाटली. वाटली म्हणजे मीच वाटली. छापील विधानं आणि प्रत्येकापुढं पाच चौकोन, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. 'हे सॉफ्टवेअर वापरायला सोपे आहे.' 'हे सॉफ्टवेअर मला उपयुक्त वाटते.' सगळ्यात खाली, 'हे सॉफ्टवेअर मी स्वीकारले आहे.' पोरांनी पहिल्या चौकोनांवर वरून खाली अशा खुणा केल्या की वाचायचीसुद्धा तसदी घेतली नाही. चहा थंड व्हायच्या आत वर्ग उरकला.

दिपाचा कागद कोरा. तिनं हात वर केला. "सर, सोपं हाय का अवघड, कसं सांगू? वापरलंच न्हाई."

"अगं, रोज दाखवतो ना मी."

"तुमी दाखवता, सर. तुमाला सोपंच जात असंल."

वर्ग खो खो हसला. सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "बाकी सगळ्यांनी भरलं आहे. तुला एकटीलाच काय अडचण आहे? अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत, हे लक्षात ठेव."

"गुण तुमच्या हातात हायेत, सर. होकार माझ्या हातात हाय." असं म्हणून तिनं कोरा कागद मला परत दिला. माझ्या हातात कागद आणि सरांची नजर माझ्यावर, जणू तो मीच कोरा ठेवला होता.

सरांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. पुनमचंद आडे आले, पांढरं धोतर, डोक्याला तांबडा फेटा. सर तासाला गेले होते म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर माझ्याशेजारी बसले. मी म्हटलं, तुमची पोरगी लई हट्टी आहे. ते म्हणाले, "हट्टी? तुमाला काय ठावं. बारावी झाली तवाची गोष्ट सांगतो."

तांड्यावर सोयरीक ठरते ती गोळ खाऊन. तांड्याचा प्रमुख म्हणजे नाईक, त्याच्या अंगणात पंच बसतात, दोन्हीकडची माणसं बसतात, गूळ वाटला जातो आणि तो तोंडात गेला की लग्न पक्कं. मग माघार नाही. घेतली तर दंड भरायचा आणि चार माणसांत मान खाली घालायची. दिपासाठी चांगलं स्थळ आलं होतं. पोराला नोकरी, शेतीला पाणी. भीमसिंग नाईकाच्या अंगणात गुळाची परात आली आणि ही पोरगी घरातून बाहेर येऊन उभी राहिली. म्हणाली, पोराशी बोलल्याबिगर गोळ वाटायचा न्हाई.

"नाईक कायच्या काय तापला," पुनमचंद सांगत होते. "मिराबाईनं, हिच्या मायनं, तोंडाला पदर लावला. मला तर धरणी फाटंल तर बरं असं झालं. पण पोरगं बिचारं सरळ. आलं. टाकीपाशी उभं राहून दोघं बोलले. अन् ही परत येऊन म्हणते, न्हाई."

"मग आधीच नाही म्हणायचं होतं," मी म्हणालो.

"मी बी तेच म्हणलो. तर म्हणते, बा, बघितल्याबिगर न्हाई म्हणणं बी खोटंच की." म्हातारा हसला. ज्या गोष्टीनं त्याची झोप उडवली होती, तीच आता तो छाती फुगवून सांगत होता.

सर तासावरून आले. पुनमचंद उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "सर, तिला ते यंत्र एकदा हातात द्या. बिघडलं तर आमी भरून देऊ. पण न बघता ती हो म्हणायची न्हाई. बापाचं ऐकली न्हाई, तुमचं काय ऐकणार?"

सर 'बघू' म्हणून आत गेले. लॅब उघडली नाही. मी रोज पुसत होतो.

मग तपासणी आली. बाहेरची समिती, तीन-चार माणसं, त्यांच्यात एक वयस्क मॅडम. मी सकाळीच कव्हरं काढून कपाटात कोंबली. एकेका कॉम्प्युटरसमोर एकेक विद्यार्थी बसवला. प्रतिक्षाला आदल्या दिवशी सरांनी एक बिल तयार करण्यापुरत्या क्लिक पाठ करून दिल्या होत्या. तिला अगदी पुढं, दारासमोर बसवलं, म्हणजे समिती आत आली की पहिली तीच दिसेल. बाकीच्यांना ताकीद होती, माऊसला हात लावायचा नाही. दिपाला मागच्या कोपऱ्यात टाकलं होतं.

पण अशा समित्यांत एखादं माणूस असतंच ज्याला पुढच्या रांगेत रस नसतो. मॅडम प्रतिक्षाकडं बघून हसल्या आणि सरळ मागं गेल्या. दिपाच्या खुर्चीमागं उभ्या राहून म्हणाल्या, "बेटा, एखादी खरेदी टाकून दाखव बरं."

दिपानं हात मांडीवरच ठेवले. "मॅडम, येत न्हाई."

"खरेदी येत नाही? बरं, विक्री दाखव."

"काहीच येत न्हाई, मॅडम. आज पहिल्यांदाच बसून राहिले ह्याच्यापुढं. सकाळपरेंत ह्याच्यावर कव्हर व्हतं."

 प्राचार्यांचा चेहरा पडला. सोमेश्वर सर खिडकीतून बाहेर बघायला लागले, जसं काही बाहेर फार महत्त्वाचं घडत होतं. मॅडमनी मान वळवली आणि त्या माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या कमरेला किल्ली, हातात फडकं. लपायला जागा कुठं होती?

"खरं आहे का हे?"

 नोकरी, निवृत्ती, बायकोचं औषध, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण रोज पुसलेल्या त्या काळ्या काचा बघून मला एवढी चीड आली की तोंडातून निघून गेलं, "व्हय, मॅडम. खरं हाय."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि दिपाशेजारी बसल्या. "मग शिकायचं नाही का तुला?"

"शिकायचं हाय म्हणून तर येत न्हाई म्हणले. येतं म्हणले असते तर तुमी खूश होऊन गेले असते अन् कव्हर परत बसलं असतं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, आम्ही कागदपत्रं बघून येतो, तोवर ह्या मुलांना हात लावू द्या. त्या गेल्या आणि पोरं घाबरत घाबरत माऊस हलवायला लागली. प्रतिक्षानं दप्तरातून रंगीत वही काढली आणि तिच्यातली बटणं स्क्रीनवर शोधत बसली. निम्मी सापडली नाहीत. सॉफ्टवेअर मधल्या काळात बदललं होतं, तिचं चित्र जुनं झालं होतं. पोरगी रडायलाच आली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांची बेल वाजली. "लॅब बंद ठेवायची. दुरुस्ती आहे, असं सांगा."

"कायची दुरुस्ती, साहेब?"

"सांगितलं तेवढं करा."

मी लॅबपाशी आलो तर दिपा आणि अर्धा वर्ग लॅब कधी उघडते म्हणून दाराबाहेर फरशीवर बसलेला. कोणी घोषणा देत नव्हतं, फलक नव्हता. नाईकाच्या अंगणात न्याय होईपर्यंत लोक बसतात, तशी ही बसली होती. प्रतिक्षाही होती, रंगीत वही मांडीवर घेऊन. मी म्हणालो, लॅब बंद आहे, दुरुस्ती आहे.

दिपा म्हणाली, "मामा, बंद ठेवा असं लेखी हाय का तुमच्यापाशी?"

मी जागच्या जागी उभा राहिलो. इतकी वर्षं ह्या कॉलेजात काढली. साधा खडूचा डबा मागितला तर हे लोक मला म्हणतात, लेखी द्या. रजा मागितली, लेखी द्या. पंखा बिघडला, लेखी द्या. आणि लॅब बंद ठेवायची ती नुसत्या तोंडी हुकमानं? मी आल्या पावली परत प्राचार्यांकडं गेलो आणि हात बांधून म्हणालो, "साहेब, लॅब बंद ठेवायची तर लेखी द्या. सही-शिक्क्यानिशी. समितीनं इचारलं तर दाखवायला बरं."

  साहेबांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. शेवटी म्हणाले, "जा."

जा म्हणजे काय ते मी विचारलं नाही. सरळ येऊन कुलूप उघडलं, कव्हरं गोळा केली आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी घेऊन गेलो. पावसाळ्यात कडब्यावर टाकायला कामी आली.

त्यानंतर लॅबमध्ये जो गोंधळ सुरू झाला तो काय सांगू! सर सुरुवातीला गाल फुगवून बसायचे, पण पोरांनी इतके प्रश्न विचारले की त्यांना उठावंच लागलं. आणि खरं सांगतो, माणूस खुलला. शिकवताना त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. सगळ्यांनी मिळून हळदीचा धंदा काढायचा ठरवला, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये. आपापल्या गावच्या शेतकऱ्यांकडून हळद घेतली असं दाखवायचं आणि विकायची. पहिल्याच दिवशी प्रतिक्षानं खरेदी न करताच ढीगभर हळद विकून टाकली. कोणीतरी माल देणाऱ्यांची नावं मामा, दाजी, तात्या अशीच भरली, आणि दुसरे मामा आले तेव्हा सॉफ्टवेअरनं घ्यायला नकार दिला. ते म्हणालं, हे नाव आधीच आहे. आमच्याकडं मामांना काय तोटा! त्या दिवशी लॅब हसून हसून बेजार झाली.

दिपा सगळ्यांच्या पुढं गेली. बस सुटेपर्यंत बसायची, चुकायची, चिडायची, परत करायची. बाकीची पोरं अडली की तिला हाक मारायची.

फक्त एका जागी तिचं घोडं अडलं. तिनं पहिला शेतकरी म्हणून आपल्या बापाचं नाव टाकलं, पुनमचंद आडे. पुढं पत्ता. त्यात गाव लिहायचं नव्हतं, आधीच भरलेल्या यादीतून निवडायचं होतं. तालुका सेनगाव निवडला, गावांची यादी उघडली. त्यात साखरा होतं. तांडा नव्हता.

"साखरा टाक," सर म्हणाले. "लागूनच तर आहे."

"लागून हाय. साखऱ्यात न्हाई."

"अगं, सरावासाठीच आहे. काय फरक पडतो?"

दिपाचा आवाज चढला. "फरक पडतो, सर. पत्र येतं ते साखऱ्याला. आमाला कोणी इचारलं कुठलं, तर साखऱ्याचं म्हणायचं. तिथले लोक म्हणतात तुमी तांड्याचे. मंग आमी हाय कुठले? माझा बा तांड्यावर हळद पिकवतो. मी साखरा टाकणार न्हाई."

तिनं टाकलं नाही. पुनमचंदांच्या नावापुढं लाल खूण आली, 'पत्ता अपूर्ण', आणि ती तशीच राहिली. तिच्या धंद्यानं जिल्हाभरातली हळद घेतली, पण बापाची घेता आली नाही. कधीकधी ती ते पान उघडून नुसती बघत बसायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. मला त्या लाल खुणेचा मनस्वी संताप यायचा. शिरड शहापूर यादीत होतं, म्हणून आजवर माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

वर्ष संपत आलं आणि सरांनी पुन्हा प्रश्नावली काढली. तीच विधानं, तेच पाच चौकोन. ह्यावेळी वाटताना त्यांनी सांगितलं, "खरं वाटेल तेच भरा. गुणांशी संबंध नाही." ह्यावेळी वर्ग लवकर उरकला नाही. पोरं वाचत होती, पेन चावत होती, खोडत होती. प्रतिक्षानं 'वापरायला सोपे आहे' ह्यावर असहमत आणि शेवटच्या विधानावर सहमत अशी खूण केली.

दिपानं कागद दिला. 'सोपे आहे', सहमत. 'उपयुक्त वाटते', पूर्ण सहमत. आणि सगळ्यात खाली, 'हे सॉफ्टवेअर मी स्वीकारले आहे', ह्याच्यापुढं पूर्ण असहमत. चौकोनात पेन एवढ्या जोरात दाबलं होतं की कागदाच्या मागून हाताला लागत होतं.

सर वाचून खुर्चीत मागं टेकले. "दिपा, वर्गात सगळ्यात चांगलं तुला येतं. लॅब उघडली ती तुझ्यामुळं. आणि तूच नाही म्हणतेस?"

"व्हय, सर. पहिल्या बारीला मी बघितलंच नव्हतं, म्हणून कागद कोरा दिला. आता सगळं बघितलं. बघून न्हाई म्हणून राहिले."

"त्या एका पत्त्यासाठी?"

"ते आमाला घेत न्हाई, सर. मंग मी त्याला काहून घेऊ?"

  मला वाटलं, आता सर तापणार. पण त्यांनी प्रश्नावली उलटी केली. मागची बाजू कोरी होती. खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "तांड्याचं नाव पूर्ण कसं लिहायचं? सांग."

"भीमसिंग नाईक तांडा."

त्यांनी लिहिलं आणि तिला दाखवलं. "हे मी सॉफ्टवेअरच्या कंपनीला पाठवतो. माझ्या प्रबंधातही घालतो. यादीत नाव आलं, की मग तरी तुझा होकार समजू का?"

दिपानं बॅग पाठीला लावली. बसची वेळ झाली होती.

"आधी येऊ द्या, सर. मंग बघून सांगते."